मार्थाचं वाक्य

पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली निदान एक तृतीयांश तरी रडण्याची, गाऱ्हाण्याची, देवाला जाब विचारणारी आहेत. मी नगरच्या ख्रिस्ती घरात वाढले. आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते, आई महिला मंडळाची चिटणीस. शब्बाथ शाळेत 23 वं स्तोत्र पाठ, 100 वं पाठ, 121 वं पाठ. बक्षिसंही मिळाली. पण 88 वं स्तोत्र मी पन्नाशी उलटेपर्यंत एकदाही धड वाचलेलं नव्हतं. ते कुणी वाचून दाखवल्याचंही आठवत नाही. लग्नात ते वाचत नाहीत, बाप्तिस्म्याच्या वेळी वाचत नाहीत, आणि दफनविधीत लोक 23 वंच मागतात. पुढे ज्या स्तोत्रांनी मला हात दिला ती सगळी अशी बाजूला राहिलेली, कोऱ्या पानांची होती. माझ्या पवित्र शास्त्रात त्या पानांवर एकही खूण नव्हती.

हे, माझे यजमान, गेले 2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. बेडसाठी, ऑक्सिजनसाठी, रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी माणसं कशी वणवण फिरत होती ते सगळ्यांनीच पाहिलंय, पुन्हा सांगत बसत नाही. जिथे बेड मिळाला तिथे यांना नेलं. अॅम्ब्युलन्सचं दार लागलं. त्यानंतर मी यांना पाहिलं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. कबरस्तानात मोजकी माणसं, पाळकसाहेबांनी लांब उभं राहून मास्कमधूनच दफनविधी वाचला.

आमच्याकडे माणूस प्रभूमध्ये निद्रिस्त झालं की घर गाण्यानं भरून जातं. पेटी येते, तबला येतो, टाळ येतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीतली गीतं रात्री उशिरापर्यंत चालतात. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी पुढे आमच्या नगरात राहिला. मराठी ख्रिस्ती माणसानं देवाची स्तुती आपल्याच चालीत करावी, रडावं तेही आपल्याच चालीत, अशी त्यांची धडपड होती. हे स्वतः पेटी वाजवायचे. मंडळीतल्या कितीतरी घरांच्या अशा रात्री यांनी गाऊन काढल्या होत्या. यांच्या वाट्याला मात्र एक ओळही आली नाही. मरण तर येतंच, पण माझ्या माणसाला गाण्याशिवाय मातीत ठेवलं, हे मला फार लागलं. अजूनही लागतं.

दफनानंतर दिरांचा फोन आला. ते रडत होते. रडता रडता म्हणाले, “वहिनी, दादाला वेळेवर पुण्याला हलवलं असतं तर वाचला असता.” एवढंच. पुण्यातही बेड नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं. रात्री डोळा लागायचा आणि त्या वाक्यानं जाग यायची. मी पुढे जे काही सांगणार आहे ते त्या वाक्याबद्दलच आहे.

लोक फोनवर समजूत घालायचे. प्रभूची इच्छा. देवाला चांगली माणसं लवकर लागतात. ताई, आपण ख्रिस्ती आहोत, आपण आशाहीनांसारखं रडायचं नसतं. सगळे मनापासून बोलत होते, हे आज कळतं. तेव्हा प्रत्येक फोननंतर मी आणखी मुकी होत गेले. शास्त्रातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आठवा. त्याची दशा पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्दही बोललं नाही. तोवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. दुःखी घरी जाणाऱ्या प्रत्येकानं ईयोबाचा दुसरा अध्याय वाचून जावं, असं मला कळकळीनं वाटतं.

माझी प्रार्थना बंद पडली. मी डोळे मिटायची आणि काहीच यायचं नाही. मोबाईलवर उपासना चालायची, त्यात मी बसायची. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथे माझे ओठ थांबायचे. बाकीची मंडळी पुढे जायची. मी तिथेच.

आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. तरुणपणी त्या बायबल स्त्री म्हणून खेडोपाडी फिरलेल्या, पाथर्डी-शेवगावकडच्या वाड्यावस्त्यांवर बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत. टाळेबंदी सैल झाल्यावर त्या यायला लागल्या. ओसरीवर लांब बसायच्या, लसूण सोलायच्या नाहीतर नुसत्याच बसायच्या. वचन सांगितलं नाही, प्रार्थना करू का असंही विचारलं नाही. बऱ्याच दिवसांनी एकदा म्हणाल्या, “देवाशी भांडलीस का गं?”

मी म्हटलं, “मावशी, देवाशी कसं भांडायचं?”

“मग शास्त्र कशाला दिलंय त्यानं? काढ तेरावं.”

13 वं स्तोत्र फक्त सहा वचनांचं आहे. दावीद राजा देवाला विचारतो, कोठवर मला विसरणार? सर्वकाळ काय? कोठवर तोंड लपवणार? मी ते मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या वचनापर्यंत पोहोचले नाही. घसा भरून आला आणि दफनानंतर पहिल्यांदा मी ओरडून रडले. मावशी जागच्या हलल्या नाहीत. मी शांत झाल्यावर त्यांनी उरलेली वचनं स्वतः वाचली. शेवटी दावीद म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. ते मला म्हणवत नव्हतं, म्हणून त्या म्हणाल्या.

हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावातली गोष्ट आहे. एका पक्षाघाती माणसाला चौघे जण खाटेवर उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि खाट खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचा. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीत मी नेहमी त्या चौघांतली एक असायची. त्या वर्षी मी खाटेवर होते. माझ्याजवळ विश्वास नावाचं काही उरलेलं नव्हतं आणि देवाची कृपा मावशींच्या विश्वासावरून माझ्यापर्यंत आली.

मावशींनी मला एक रीत लावून दिली. स्तोत्रं 150, महिन्याचे दिवस 30, म्हणजे रोज पाच. तारखेच्या क्रमांकाचं स्तोत्र घ्यायचं, मग त्यात 30 मिळवत जायचं. 13 तारखेला 13, 43, 73, 103 आणि 133. 31 तारीख आली तर जे मागे राहिलं असेल ते. 119 व्या स्तोत्राला 176 वचनं आहेत, ते 29 तारखेला येतं. त्या दिवशी दुपार मोकळी ठेवायची. निवडायचं मात्र नाही. आवडतं म्हणून 23 वं रोज घ्यायचं नाही आणि जड जातं म्हणून 88 वं टाळायचं नाही. आणि मोठ्यानं वाचायचं, आपल्या कानांना ऐकू जाईल असं.

ही रीत फार जुनी आहे. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, प्रार्थनापुस्तकात स्तोत्रसंहिता 30 दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहे. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. 1970 साली नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन ते झालं, त्यामुळे असल्या कितीतरी रीती आमच्या शेजारघरातून आल्यासारख्या आमच्याकडे आल्या.

सुरुवातीचे महिने मी नुसतं वाचलं. समजून घेतलं नाही, अर्थ काढला नाही. सकाळी चहाआधी दोन, रात्री तीन. काही दिवस वाचताना पूर्ण कोरडी असायची. पण हळूहळू मला माझेच शब्द तिथे भेटायला लागले. माझी आसवं तू बुधलीत भरून ठेवली आहेस, असं 56 व्यात आहे. अश्रू हेच रात्रंदिवस माझं अन्न झालंय, असं 42 व्यात. प्रभू येशूनं वधस्तंभावर जी आरोळी मारली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ती 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. हे मला माहीत होतं, उपदेशात ऐकलेलं होतं. पण मरणाच्या वेळी माझ्या तारणाऱ्यालाही स्वतःचे शब्द न सापडता स्तोत्रातली तक्रारच ओठांवर आली, हे तेव्हा आतून समजलं. मग मी तक्रार केली तर तो कसा रागावेल?

28 तारीख सगळ्यात अवघड. 28, 58, 88, 118, 148. यातलं 88 वं हेमान नावाच्या स्तोत्रकाराचं. बाकीच्या बहुतेक विलापांत शेवटी कुठेतरी ‘तरीही’ येतं, आशेचं एखादं वचन येतं. यात नाही. तू माझे प्रियजन माझ्यापासून दूर केलेस, आणि काळोख. संपलं. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पाहिलं, पुढे काही आहे का म्हणून. काही नव्हतं. देवानं आपल्या पुस्तकात असं स्तोत्र राहू दिलंय, कुणाच्याही हातून त्याला गोड शेवट जोडू दिला नाही, याचं मला जे बळ मिळालं ते कुठल्याच सांत्वनाच्या वचनानं मिळालं नाही. लगेच पुढचं 118 वं. मी मरणार नाही, जगेन, असं म्हणणारं. कितीतरी महिने ते मावशींनी म्हटलं आणि मी ऐकलं. आम्ही फोनवर वचनं वाटून घ्यायचो, एक त्यांचं, एक माझं.

आता औषधाबद्दल. झोप गेली होती, वजन उतरलं होतं, स्वयंपाकघरात उभी राहिले की कशासाठी आले ते आठवायचं नाही. मुलीनं हट्टानं मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. ओळखीतल्या एका ताईंनी सांगितलं की प्रभूवर विश्वास असेल तर गोळ्या कशाला. असं बोलणाऱ्यांना मी आता तोंडावर उत्तर देते. शास्त्रातल्या 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय काढा. संदेष्टा एलीया रानात जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देव त्याला उपदेश करत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो, आणि म्हणतो की वाट तुला झेपणार नाही. होरेब डोंगर, मंद वाणी, हे सगळं त्यानंतर. ज्या देवाला खचलेल्या संदेष्ट्याच्या झोपेची आणि भाकरीची काळजी होती, त्याला माझ्या गोळीचा राग येईल? शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. मी गोळ्या प्रार्थना करून घेतल्या, डॉक्टरांनी सांगितल्यावरच हळूहळू कमी केल्या आणि त्यांच्यासाठी आजही देवाचे आभार मानते.

गोळ्यांनी झोप आली. स्तोत्रांनी तोंड उघडलं. पण ते वाक्य होतं तिथेच होतं.

मध्ये एकदा मुलीबरोबर केडगावला गेले. नगरहून दौंड आणि तिथून पुण्याच्या बाजूला पुढे केडगाव स्टेशन. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. लहानपणी सहलीला गेले होते तेव्हा दुष्काळातून वाचवलेल्या मुलींची गोष्ट ऐकली होती. या वेळी दुसरंच मनात होतं. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपाशी भटकताना गेले, बहीण गेली, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली नवरा पटकीनं गेला तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. आणि 1921 च्या जुलैमध्ये तीच मनोरमा, आईच्या कामाचा उजवा हात, आईच्या आधी गेली. रमाबाई त्या वेळी हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर पुरं करण्याच्या कामात होत्या. ते त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या आणि ते शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यात छापून झालं. ज्या बाईनं एकुलती एक मुलगी पुरल्यावर पुन्हा टेबलाशी बसून शास्त्राची वचनं तपासली असतील, तिच्या मनाचं काय झालं असेल? मी तिथल्या आवारात बराच वेळ बसून होते. मला उत्तर नको होतं. माझ्याआधी इथे, मराठीत रडणारी एक विधवा याच शास्त्राला धरून राहिली होती, एवढं पुरे होतं.

त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाशी माझी गाठ पडली. बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षं आजारी असलेला माणूस पडलेला आहे आणि येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचंय का? हा प्रश्न मला आधी निर्दय वाटला. नंतर माझाच वाटला. कारण खरं विचाराल तर मला बरं व्हायचं नव्हतं. दुःख कमी झालं तर यांच्याशी असलेला शेवटचा धागा तुटेल, अशी भीती होती. हसू आलं की अपराधी वाटायचं. यांची आवडती शेपूची भाजी मी करणंच सोडलं होतं, आणि ते सोडणं हीच जणू यांची सेवा झाली होती. मी देवाला स्पष्ट सांगितलं की प्रभू, बरं व्हायची इच्छासुद्धा माझ्याजवळ नाही, तीही तूच दे. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात खरी प्रार्थना असेल.

एका निवृत्त पाळकीणबाईंकडे मी मग आंतरिक आरोग्याच्या, म्हणजे मनाच्या जखमा भरण्यासाठीच्या, प्रार्थनेला जाऊ लागले. या नावाखाली काही ठिकाणी जे चालतं त्याची मला धास्ती होती. मोठमोठे आवाज, डोक्यावर हात, आजच्या आज सुटका. त्या म्हणाल्या, “मी तुझ्या डोक्यात कुठलंही चित्र घालणार नाही. काही दिसलं नाही तरी चालेल, रडू आलं नाही तरी चालेल. आपण फक्त ती आठवण प्रभूसमोर ठेवू आणि शास्त्र वाचू.” आधी एक स्तोत्र, मग शांतता. मग जो क्षण टोचतोय तो मी शब्दांत सांगायचा, प्रभूला उद्देशून, त्यांना नाही. मग त्या शुभवर्तमानातला एक उतारा सावकाश वाचायच्या, थांबायच्या, पुन्हा वाचायच्या. खांद्यावर हात ठेवण्याआधी विचारायच्या. मावशी शेजारी बसून मनात प्रार्थना करायच्या.

पहिल्या काही भेटींत अॅम्ब्युलन्सच्या दारापलीकडे मी जाऊच शकले नाही. मला येशू त्या दाराशी उभा दिसला वगैरे काही झालं नाही, आणि झालं असं मी सांगणार नाही.

मग एकदा मी दिरांचं वाक्य सांगितलं. जसंच्या तसं, त्यांच्याच आवाजात. पाळकीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि त्यांनी योहानाचा अकरावा अध्याय काढला. येशूचा मित्र लाजर आजारी आहे, असा निरोप त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया येशूला पाठवतात. येशू निरोप मिळूनही आहे तिथेच दोन दिवस राहतो. तो बेथानीत येतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था वाटेवर येऊन भेटते आणि म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया येते. तीही तेच म्हणते. तेच वाक्य.

त्या दुसऱ्यांदा वाचत होत्या तेव्हा मी त्यांना थांबवलं. असतास तर मेला नसता. हलवलं असतं तर वाचला असता. भाऊ गमावलेल्या माणसाचं हेच वाक्य असतं! दिरांचाही भाऊच गेला होता. त्यांना विचारायचं होतं ते देवाला: तू वेळेवर का आला नाहीस? देवाशी कसं भांडायचं हे त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून ते वाक्य माझ्या दारात येऊन पडलं. मी ते माझ्या नावावर आलेला ठपका समजून इतके महिने उराशी धरून बसले होते.

आणि येशूनं काय केलं? त्यानं मार्थाला दटावलं नाही, उशीर का झाला याचा खुलासाही दिला नाही. मरीयेनं तेच वाक्य म्हटल्यावर तर तो रडला. पुढच्या घटकेला तो लाजराला हाक मारून बाहेर काढणार होता आणि तरीही आधी रडला. ते वाक्य त्यानं अंगावर घेतलं. पाळकीणबाई म्हणाल्या, “मग आता हे वाक्य तू कुणाकडे ठेवणार?” मी प्रभूला म्हटलं की हे तुला आलेलं आहे, तूच घे. इतकं साधं. त्या खोलीत बाकी काही घडलं नाही. बाहेर पडताना खूप भूक लागली होती आणि आम्ही तिघींनी पिठलं-भाकरी खाल्ली.

त्या दिवशी सगळं संपलं असं मात्र नाही. राग परत यायचा. 19 तारखेला 109 वं स्तोत्र येतं, शिव्याशापांचं. त्याची मुलं पोरकी होवोत, त्याची बायको विधवा होवो. विधवा शब्दाशी मी थबकायची. एकेकाळी हे स्तोत्र शास्त्रात आहे याची लाज वाटायची. आता वाटतं, शाप देण्याइतका राग असेल तर तो माणसासमोर न ओकता देवासमोर ओकावा, म्हणूनच ते तिथे आहे. त्याच दिवशी पुढे 139 वं येतं. हे देवा, माझी झडती घे, माझं हृदय जाण. आधी राग बाहेर काढायचा आणि मग झडती द्यायची, हा क्रम माझ्या कामी आला. झडतीत मला दिसायचं की राग दिरांवरून सरकून डॉक्टरांवर गेलाय, कधी सरकारवर, कधी यांच्यावरही. मास्क का लावत नव्हता नीट, असं मी मेलेल्या माणसाला विचारत होते. तेही देवासमोर बोलून टाकलं.

येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येतं, साताच्या सत्तर वेळा. मी याचा अर्थ नेहमी वेगवेगळ्या अपराधांसाठी घेत होते. दिरांनी तर एकदाच बोललेलं वाक्य होतं, पण ते मला शंभरदा आठवायचं आणि प्रत्येक वेळी नव्यानं सोडावं लागायचं. कधी भांडी घासताना, कधी रात्री दोनला. हळूहळू ते येणं विरळ झालं. मग एका रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना चालू होती आणि मी ‘तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ म्हणून पुढे गेले तेव्हा लक्षात आलं की आपण थांबलो नाही. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. भाकर हातात घेतली तेव्हा हात थरथरत होते.

दिरांनी माफी मागितलेली नाही. ते वाक्य त्यांना आठवत असेल असंही वाटत नाही. मीही काढलं नाही. पण मी त्यांच्याकडे गेले, राहिले आणि रात्री त्यांना म्हटलं, “भाऊजी, यांच्या आवडीची गाणी म्हणायची का? तेव्हा राहून गेली.” त्यांनी माळ्यावरून पेटी काढली. भाता फाटलेला होता, सूर नीट लागत नव्हते. पुतण्यानं मोबाईलवर तबला लावला. टिळकांची गीतं म्हटली, मध्येच भाऊजी थांबून हुंदके द्यायला लागले, जाऊबाईंनी चाल उचलून धरली. उशिरापर्यंत म्हटली. पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे ईस्टरला, पहाटेच्या उपासनेला आम्ही कबरस्तानात जातो. आता भाऊजीही गावाहून आदल्या रात्री येतात.

मी बरी झाले आहे का? झोप लागते. शेपूची भाजी करते. मुलीच्या घरी जोरात हसते. एप्रिल अजून वाईट जातो आणि त्या रुग्णालयावरून रिक्षा गेली की पोटात गोळा येतो. पुनरुत्थान पावलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं ते दाखवले. देवाला ते पुसून टाकता आले असते. त्यामुळे माझे व्रण राहिले म्हणून बरं होणं अपुरं राहिलं, असं मी मानत नाही. हे का गेले, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. ते मी अजून विचारते, आणि ज्याला विचारते तो माझ्याजवळ आहे याची आता मला खात्री आहे. 34 वं स्तोत्र म्हणतं की परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो. हे वचन पूर्वी मी शोकसंदेशाच्या कार्डावर लिहायची. आता ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे.

माझ्या ओसरीवर दर आठवड्याला काही बाया जमतात. कुणाचा नवरा गेलाय, कुणाचा तरुण मुलगा, एकीचं लग्न मोडलंय. दोघी ख्रिस्ती नाहीत, शेजारच्या आहेत, त्यांना स्तोत्रं ऐकायला बरं वाटतं म्हणून येतात. मावशींना आता नीट दिसत नाही, त्या ऐकतात आणि पाठ असलेली वचनं मध्येच पुढे म्हणून टाकतात. आम्ही कुणाला देवाची इच्छा काय होती ते सांगत नाही. जिला वाचवत नाही तिच्याऐवजी दुसरी वाचते.

ज्यांना घरी सुरुवात करायची असेल त्यांनी आजची तारीख पाहावी आणि त्या क्रमांकाचं स्तोत्र मोठ्यानं वाचावं. शापाचं निघालं तर शापाचं, आनंदाचं निघालं तर आनंदाचं. एखादं वचन तोंडातून निघत नसेल तर कुणाला तरी फोन करा आणि त्यांना वाचायला सांगा. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.